शाळेतला धर्माचा तास

भगिनींनो, जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून एक तास स्तोत्रे शिकवावीत, अशी सूचना मंडळात आली आहे. माझे वडील निजामी अमलात शिकले. १९४८ पूर्वी सरकारी शाळेत मुसलमान मुलांना ‘दीनियात’ आणि इतरांना ‘अखलाकियात’ म्हणजे नीतिपाठ असे. त्या तासाला बाकावरचा मित्र उठून दुसऱ्या खोलीत जाई. हे ते म्हातारपणीही सांगत. १९५० साली राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने पूर्णपणे सरकारी खर्चाच्या शाळांतून धर्मशिक्षण बंद झाले; अनुदानित शाळांतही पालकांच्या संमतीवाचून सक्ती नाही. सूचना मला मान्य नाही. स्तोत्रे मात्र मी शिकवीन, शाळा सुटल्यावर, माझ्या ओसरीवर. रविवारी लेणीही दाखवू : बौद्ध १२, हिंदू १७, जैन ५. मुलांची नावे माझ्याकडे द्यावीत.