वाफेची वाट मोकळी ठेवा

भगिनींनो, आम्हा गोवंडीकरांच्या खोल्या लहान. शेगडीशेजारीच मुले बसतात. म्हणून कुकर जपून वापरू या.

कुकरात वाफ कोंडते. पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते. म्हणून डाळ झटकन शिजते. पण वाफेची वाट अडली, तर घात होतो.

रोज झाकण उजेडाकडे धरा. शिटीखालची नळी आरपार दिसते का, ते पाहा. साल अडकले असेल तर काढा. डाळ शिजवताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. रबर चिरले की बदलावे.

पाणी आटून कुकर फार तापला, तर झाकणावरचा वॉल्व्ह वितळून वाफ सोडतो. तो आपला राखणदार. तिथे काहीबाही ठोकू नका. त्याच कंपनीचा नवा बसवा.

वाफ पुरती गेल्याशिवाय झाकण ओढू नका. थोडे थांबलो म्हणून काय झालं? डाळ काही पळून जात नाही!