वैराचा वारसा

एखादी दीर्घ कथा संपली म्हणजे मनाला कांहीं दिवस चुकल्याचुकल्यासारखें वाटतें. पूर्वीं हा अनुभव कादंबरीचें शेवटचें पान मिटल्यावर येत असे. आतां तो पडद्यावरील मालिकांच्या अखेरीस येतो. आज ज्या कथेविषयीं मी बोलणार आहें ती अशीच एक मालिका असून ती जपानांत निर्माण झालेली आहे. हातानें रेखाटलेल्या चित्रांना गति देऊन केलेल्या अशा मालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. हा शब्द आपल्यापेक्षां आपल्या मुलांच्या अधिक परिचयाचा आहे. आमच्या प्रतापनगरांत सायंकाळीं शिकवणीहून परतणाऱ्या मुलांचें बोलणें सहज कानांवर पडतें. त्यांत या मालिकांतील पात्रांचीं नांवें आळींतील सोबत्यांच्या नांवांसारखीं येत असतात.

'अटॅक ऑन टायटन' हें या मालिकेचें इंग्रजी नांव. मूळ जपानी नांव 'शिंगेकी नो क्योजिन'. हाजिमे इसायामा या चित्रकारांनीं ही चित्रकथा २००९ सालीं एका मासिकांत क्रमशः लिहावयास घेतली आणि २०२१ च्या एप्रिलमध्यें ती पुरी केली. पुस्तकरूपानें तिचे ३४ खंड झाले. तिच्यावरून केलेल्या मालिकेचें प्रक्षेपण एप्रिल २०१३ मध्यें सुरू झालें, आणि नोव्हेंबर २०२३ मध्यें एन. एच. के. या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनें तिचा अखेरचा भाग दाखविला. इसायामा यांचा जन्म १९८६ मधला. डोंगरांनीं वेढलेल्या ओयामा नामक गांवीं ते वाढले. त्या डोंगरांपलीकडे काय असेल, हें त्यांचें बालपणींचें कुतूहल पुढें या कथेंत भिंतींचें रूप घेऊन आलें.

नातू पाहत होता म्हणून मीहि ही मालिका पाहूं लागलों. साठी उलटलेल्या माणसानें असल्या चित्रांत डोकें घालावें याचें घरांत थोडें हंसूं झालें. परंतु ज्याचीं छत्तीस वर्षें इतिहासाचा तास घेण्यांत गेलीं त्याला या कथेंत आपल्याच विषयाचा एक अवघड प्रश्न दिसला. तो आपणांपुढें ठेवावा एवढाच या भाषणाचा हेतु आहे. मालिका रक्तपातानें भरलेली आहे, लहान मुलांनीं ती पाहूं नये, हें आरंभींच सांगून टाकतों.

कथेच्या प्रारंभीं मनुष्यजातीचे उरलेसुरले लोक तीन प्रचंड वर्तुळाकार भिंतींच्या आंत राहत आहेत. बाहेर 'टायटन' नांवाचे नरभक्षक राक्षस हिंडतात. एके दिवशीं बाहेरची भिंत फुटते आणि एरेन नांवाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत एक राक्षस त्याच्या आईला खाऊन टाकतो. तो मुलगा प्रतिज्ञा करतो कीं, या राक्षसांचा मी निर्वंश करीन. त्याच्याबरोबर मिकासा ही पोरकी मुलगी आणि आर्मिन हा त्याचा मित्र अशीं तिघें सैन्यांत शिरतात. येथपर्यंत देवासुरांच्या कोणत्याहि कथेसारखीच ही कथा चालते. राक्षस दुष्ट, माणसें चांगलीं, आणि पाहणाऱ्याचें मन निःशंकपणें मुलांच्या बाजूला.

परंतु तिसऱ्या पर्वांत पडदा दूर होतो. ते राक्षस मुळांत माणसेंच असतात, आणि तींहि भिंतींच्या आंतील लोकांच्याच एल्डियन वंशाचीं. समुद्रापलीकडे मार्ले नांवाचें बलाढ्य राष्ट्र आहे. या वंशाच्या पूर्वजांनीं शेंकडों वर्षांपूर्वीं टायटनांच्या बळावर जगाला चिरडलें होतें. त्याचा सूड म्हणून मार्लेचे राज्यकर्ते तेथें उरलेल्या एल्डियनांना वेगळ्या वस्तींत कोंडून ठेवतात, त्यांच्या दंडावर ओळखीची पट्टी बांधतात आणि अपराध्यांना सुई टोंचून राक्षस बनवून भिंतींच्या बेटावर सोडून देतात. एरेनच्या बापाची धाकटी बहीण लहानपणीं आकाशांतील वायुनौका पाहण्याच्या नादांत परवान्याशिवाय वस्तीबाहेर गेली, एवढ्याच कारणासाठीं मार्लेच्या एका अधिकाऱ्यानें तिच्या अंगावर कुत्रे सोडून तिला ठार मारलें. दंडावरची ती पट्टी पाहतांना हिटलरच्या राजवटींत ज्यूंना वागवाव्या लागलेल्या पिंवळ्या ताऱ्याची आठवण कोणालाहि होईल.

आतां येथें इतिहासाच्या शिक्षकाचे कान टवकारतात. या कथेंत एका वंशाच्या मुलांसाठीं दोन शाळा आहेत. भिंतींच्या आंतील शाळेंत इतिहासच नाहीं. तेथील पहिल्या राजानें प्रजेची स्मृति पुसून टाकली आणि भिंतींबाहेर मनुष्यवस्ती नाहीं असें तिला शिकविलें. मार्लेतील शाळेंत इतिहास आहे, पण तो विषासारखा पाजला जातो. तुमचे पूर्वज सैतान होते, तुमच्या रक्तांतच पाप आहे, आणि तें धुवावयाचें असेल तर बेटावरील तुमच्याच भाऊबंदांना मारा, असा पाठ तेथील एल्डियन मुलें रोज घोकतात. पहिल्या शाळेंतून एरेन निघाला, दुसरींतून गॅबी नांवाची बारा वर्षांची चुणचुणीत मुलगी निघाली, आणि दोघांच्या हातून निरपराध माणसें मेलीं. तेव्हां विस्मृतीनें शांति येते हें खरें नव्हे, आणि नुसत्या स्मृतीनें न्याय मिळतो हेंहि खरें नव्हे. मग मागच्या पिढ्यांवर झालेला आणि मागच्या पिढ्यांनीं केलेला अन्याय मुलांना सांगावा तरी कसा?

हा प्रश्न आपल्याला नवा नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या सर्पसत्राची कथा आहे. परीक्षित राजाला तक्षकानें दंश केला आणि तो मेला. त्याचा मुलगा जनमेजय यानें त्याचा सूड म्हणून साऱ्या नागकुळाची आहुति देण्याचा यज्ञ मांडला. अपराध एका तक्षकाचा, पण अग्नींत पडूं लागले ते ज्यांनीं परीक्षिताचें नांवहि ऐकलें नसेल असे सहस्रावधि नाग. आणखी मागें जावें तर याच जनमेजयाच्या पणजोबानें, अर्जुनानें, खांडववन जाळलें होतें आणि त्या वेळीं तक्षकाची बायको मेली होती. म्हणजे हिशेब कोठून धरावयाचा हें ज्याच्या त्याच्या सोयीवर अवलंबून! महाभारतकारांचें धाडस असें कीं, कुरुकुळाच्या संहाराची सारी कथा वैशंपायनानें सांगितली ती या सूडाच्या यज्ञमंडपांतच. यज्ञ थांबविला तो आस्तिकानें. हा मुलगा जरत्कारु ऋषीचा, आणि त्याची आई नागकन्या, वासुकीची बहीण. ज्याच्या अंगांत दोन्हीं कुळांचें रक्त होतें त्यानेंच राजाला प्रसन्न करून घेतलें आणि वर मागितला, कीं हा यज्ञ येथेंच थांबावा.

एरेन हा आपल्या काळांतील जनमेजय आहे. साऱ्या जगाला आपल्या बेटाचा नाश हवा आहे हें कळल्यावर तो भिंतींत दडलेले अगणित महाकाय टायटन जागे करतो आणि त्यांना समुद्रापार चालवीत नेतो. त्यांच्या पायांखालीं शहरें, शेतें, पाळणे, सर्व तुडविलें जातें. मनुष्यजातीचे शेंकडा ऐशीं लोक मरतात. त्या आधीं परदेशांत एका निर्वासित मुलाला मारहाणींतून सोडवितांना, पुढें आपल्याच हातून हा मुलगा मरणार हें ओळखून एरेन त्याच्यापुढें रडतो आणि क्षमा मागतो. तरीहि तो थांबत नाहीं. ज्याच्या दुःखाशीं आपण पहिल्या दिवसापासून एकरूप झालों त्याच मुलाच्या हातून हा संहार घडतांना पाहावा लागतो, आणि तोच या कथेचा सर्वांत जड भाग आहे.

एरेनला अडवितात ते त्याचेच मित्र, आणि त्यांच्या जोडीला मार्लेच्या बाजूनें लढलेले त्यांचे कालचे वैरी. आस्तिकासारखेच हे दोन्ही बाजूंचें दुःख जाणणारे लोक. शेवटचा घाव मिकासा घालते, जिचें त्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम होतें. एरेन मरतो आणि टायटनांची विद्याहि जगांतून नाहींशी होते. पण अखेरचीं नामावलीचीं चित्रें सरकत असतांना आपण पाहतों कीं, पुष्कळ वर्षांनीं त्याच बेटावर उंच इमारती उभ्या राहतात आणि पुन्हां युद्ध येऊन त्या धुळीला मिळतात. ज्या बेटासाठीं एवढा नरसंहार केला तें बेटहि वांचलें नाहीं. मग त्या उजाड रानांत एक मुलगा आणि त्याचा कुत्रा एका प्रचंड झाडापाशीं येऊन उभे राहतात, आणि कथा संपते.

हा शेवट अनेकांना रुचला नाहीं. २०२१ मध्यें चित्रकथा संपली तेव्हां वाचकांत मोठा वाद झाला. मूळ चित्रकथेंत आर्मिन मरणोन्मुख मित्राचे आभार मानतो, कारण आमच्यासाठीं तूं एवढा संहार केलास. या वाक्यावर पुष्कळांनीं बोट ठेवलें. पुढें मालिकेसाठीं तो संवाद इसायामा यांनीं नव्यानें लिहिला. त्यांत आर्मिन आभार मानीत नाहीं. बाहेरच्या जगाचें स्वप्न मींच तुला दाखविलें, तेव्हां या पापांत माझाहि वांटा आहे आणि नरकांत आपण बरोबरच असूं, असें तो म्हणतो. मला हा बदल मोलाचा वाटतो. आपल्या माणसानें आपल्यासाठीं केलेल्या अत्याचाराबद्दल कृतज्ञ राहणें आणि त्या अत्याचारांतील आपला वांटा ओळखणें, यांत सबंध नीतिशास्त्राचें अंतर आहे.

एक आक्षेप मात्र मला टाळतां येत नाहीं. जगांत ज्या ज्या समाजांना वेगळ्या वस्तींत टाकलें गेलें त्यांच्यावर सैतानपणाचा आरोप निखालस खोटा होता. या कथेंत मात्र त्या वंशाच्या लोकांना खरोखरच राक्षस बनतां येतें; म्हणजे छळणाऱ्यांच्या भीतीला लेखकानें आधार मिळवून दिला, असें कांहीं टीकाकार म्हणतात, आणि तें उडवून लावण्यासारखें नाहीं. ज्या घरांत मुलें ही मालिका पाहतात त्या घरांतील वडील माणसांनीं हा भेद मुलांना समजावून द्यावा. सुई टोंचून राक्षस करणारे हात मार्लेचे होते, हें तरी त्यांना विचारून पाहावें.

माझ्या दृष्टीनें या मालिकेचा खरा शेवट अखेरच्या भागाच्या पुष्कळ आधींच येऊन गेला आहे. एरेनच्या तुकडींत साशा नांवाची हंसतमुख, खादाड, शिकाऱ्याची मुलगी असते. गॅबी तिला गोळी घालून मारते. पुढें दैवयोगानें गॅबी ओळख लपवून साशाच्याच आईबापांच्या घरीं आश्रयाला राहते. त्यांनीं युद्धांत पोरक्या झालेल्या मुलांना आपल्या घरीं ठेवलेलें असतें. त्यांतलींच हीं दोन, अशा समजुतीनें तीं गॅबीला व तिच्या सोबत्याला जेवूं घालतात. एके दिवशीं सत्य उघडें होतें. साशावर प्रेम करणारा स्वयंपाकी तिच्या बापाच्या हातांत सुरी देतो, आणि मारेकरी मुलगी समोर उभी असते. तो अडाणी शिकारी सुरी बाजूला ठेवतो. माझी मुलगीहि सैनिक होती, तिनेंहि माणसें मारलीं होतीं, हें तो विसरत नाहीं. आणि सुडाच्या या अरण्यांतून निदान लेंकरांना तरी बाहेर ठेवावें, मागचीं पापें आम्हां वडील माणसांनीं वाहावीं, असें तो सांगतो. साऱ्या मालिकेंत एवढा एकच मनुष्य असा आहे कीं, ज्याला सूडाचा पूर्ण अधिकार होता आणि ज्यानें तो वापरला नाहीं. मुलीचा खून तो विसरला असें नाहीं. त्यानें तो मुलांच्या डोक्यावर ठेवला नाहीं, इतकेंच.

श्रोतेहो, हें केवळ कथेंत घडतें असें आपण नागपूरकरांनीं तरी म्हणूं नये. प्रतापनगराहून शहरांत जातांना दीक्षाभूमि फारशी दूर नाहीं. जन्मामुळें माणसावर पिढ्यान्‌पिढ्या शिक्का मारण्याची रीत आपल्या देशांत कोणत्याहि कल्पित मार्लेपेक्षां जुनी होती. पाणवठे वेगळे, वस्ती गांवाबाहेर, आणि या साऱ्याला कारण काय, तर अमक्याच्या पोटीं जन्म! या अन्यायाची स्मृति डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं कधींहि पुसूं दिली नाहीं. तो इतिहास त्यांनीं ग्रंथ लिहून जगापुढें मांडला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं याच शहरांत त्यांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हां ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत जुन्या धर्माचा स्पष्ट त्याग आहे, सर्व माणसें समान मानण्याची आणि प्राणिमात्रावर दया करण्याची शपथ आहे. सूडाची एकहि प्रतिज्ञा नाहीं. दुसऱ्या दिवशींच्या भाषणांत त्यांनीं या नगरीची निवड प्राचीन नागलोकांच्या संबंधामुळें केल्याचें सांगितलें. ज्या नागांसाठीं पुराणांत यज्ञकुंड पेटलें त्यांच्या नांवाच्या नगरींत वैराचा वारसा नाकारून आत्मसन्मानाचा वारसा दिला गेला, ही गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकानें मनांत बाळगावी अशी आहे.

मुलांना इतिहास शिकविण्याची ही तिसरी शाळा. तींत कांहींहि लपवावयाचें नाहीं. कोणी कोणावर काय अन्याय केला तें नांवानिशीं आणि सालानिशीं सांगावयाचें. मात्र त्या अन्यायाचें कर्ज आज समोरच्या बाकावर बसलेल्या कोणत्याहि मुलाच्या नांवावर मांडावयाचें नाहीं, आणि त्याची वसुली करण्याचा हुकूमनामाहि कोणत्याहि मुलाच्या हातीं द्यावयाचा नाहीं. ही शाळा चालविणें कठीण आहे. वर्गांत ती रोज चालवावी लागते, आणि घरांत तर जेवतांना, वर्तमानपत्र वाचतांना, शेजाऱ्यांविषयीं बोलतांना चालवावी लागते. कारण मुलें धड्यापेक्षां आपलीं बोलणींच अधिक पाठ करतात.

म्हणून ज्यांच्या घरांतील थोरल्या मुलांनीं ही मालिका नुकतीच पाहून संपविली असेल त्यांनीं मुलांना रागें भरूं नये. त्यांना इतकेंच विचारावें, कीं एरेनचें दुःख मोठें होतें कीं साशाच्या बापाचें? आणि उत्तर काय येतें तें शेवटपर्यंत, मध्यें न बोलतां, ऐकून घ्यावें.