बेलवाडीच्या रिंगणाची शिदोरी

इंदापूर तालुक्यातल्या बेलवाडीला तुकोबारायांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण होतं. पताकावाले, डोईवर तुळस घेतलेल्या महिला, विणेकरी धावतात. मग अश्व दौडतात आणि टापांखालची माती कपाळी लावायला गर्दी उसळते. या सोहळ्यासाठी परिसरातली गावं मोठ्या मनानं अन्नदान करतात. माझं आग्रहाचं म्हणणं एवढंच, की रिंगणाच्या जागी पाणी आणि कोरडी शिदोरी असावी, भरपेट जेवण नको. सणसरच्या मुक्कामाहून निघालेल्या वारकऱ्याला रिंगणानंतरही पुढचा मुक्काम गाठायचा असतो. दमट उकाड्यात जड पोटानं पाऊल उचलत नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी हातात मावतात. ताकानं, लिंबू सरबतानं घामातून गेलेलं मीठ-पाणी भरून निघतं. पंगतीशिवाय पाहुणचार कसला, असं कुणी विचारेल. पंगत जरूर बसावी, पण मुक्कामी, जिथं पाठ टेकता येते.

वातावरणाचंही तसंच. सूचनांसाठी ध्वनिक्षेपक लागतो, हे खरं. तरी अश्व सुटण्याआधी तो थांबवावा. अचानक कर्कश आवाज झाला तर घोडा बिथरतो, आणि रिंगणाच्या कडेला लेकरं पुढं बसलेली असतात. टाळमृदंग पुरेसे आहेत. केळीच्या सालींसाठी टोपल्या मात्र बाहेरच्या कडेला, धावेपासून लांब ठेवाव्यात.