शेवट असलेली गोष्ट
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'आजच्या मराठी मालिका आणि विनोदी कार्यक्रम'. वर्तमानपत्रांतून टीव्हीविषयी लिहिणारा बॅचमध्ये मी एकटाच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. वेळ 20 मिनिटांचा आहे. म्हणजे मालिकेच्या एका भागापेक्षा दोन मिनिटं कमी, आणि मध्ये जाहिराती नाहीत. तुम्ही नशीबवान आहात.

सकाळपासून चहाच्या टेबलावर बऱ्याच जणांनी मला सांगितलं, "आम्ही मालिका बघत नाही हं." हे वाक्य लोक "आम्ही घेत नाही" या चालीवर म्हणतात. पण पुढे बोलत गेलं की कळतं, कोणाचं लग्न मोडलंय आणि कोणाची स्मृती गेलीय हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. कारण पलीकडच्या खोलीत आई किंवा सासूबाई टीव्ही लावून बसलेल्या असतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संध्याकाळी सात ते साडेदहा हा टीव्ही म्हणजे त्या माणसाची सोबत आहे. मुलं कामावर, नातवंडं मोबाइलवर, शेजारचं दार बंद. रोज ठरलेल्या वेळी घरी येणारी माणसं फक्त मालिकेतली. म्हणून मालिका बघणाऱ्यांची टिंगल मी करत नाही, आज करणारही नाही. माझी तक्रार आहे ती जी गोष्ट त्यांना सांगितली जाते तिच्याबद्दल.

तक्रार एकच आहे. आपल्या मालिकांना शेवट नसतो.

सासू-सून हा विषय वाईट नाही. घरातली भांडणं, इस्टेट, दुसरी बाई, यांवर जगभर उत्तम कथा लिहिल्या गेल्या आहेत. पण गोष्टीला शेवट असला, तरच तिच्यातल्या माणसांच्या वागण्याला काही परिणाम असतो. खोटं बोललं तर ते कधीतरी उघडं पडतं, आणि मग पूर्वीसारखं काही राहत नाही. रोज चालणाऱ्या मालिकेत मात्र सगळं पूर्वीसारखं राहावंच लागतं, कारण उद्या त्याच दिवाणखान्यात तीच माणसं उभी करायची असतात.

थोडं गणित करू. 'चार दिवस सासूचे' ही ई टीव्ही मराठीवरची मालिका 2001 ते 2013 चालली आणि तिचे 3000 हून अधिक भाग झाले. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांची गोष्ट असते. 3000 गुणिले 22 म्हणजे 66,000 मिनिटं, 1100 तास. दिवसरात्र न झोपता बसलं तरी 45 दिवस पुरतील. एवढी मोठी गोष्ट एका कुटुंबात घडत नाही हो! ती ताणावी लागते.

ती कशी ताणतात हे तुम्ही रोज बघता. एक जण म्हणतो, "मला सगळं कळलंय." लगेच कॅमेरा सासऱ्यांवर, मग सासूवर, मग दोन जावांवर, मग नायिकेवर, आणि पुन्हा पहिल्या माणसावर. ढँण ढँण संगीत. एका वाक्यात मिनिट गेलं. यात दिग्दर्शकाला अक्कल नाही असं समजू नका. आठवड्याला सहा भाग द्यायचे म्हणजे चित्रीकरणाच्या रोजच्या दिवशी जवळजवळ एक भाग तयार व्हावा लागतो. एकच सेट, ठरलेले कलाकार, आणि कित्येकदा आदल्या रात्री आलेले संवाद. त्यात दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा वर गेला की जे चाललंय ते लांबवा, खाली आला की कोणाला तरी अपघात घडवा. लेखकाने मनात योजलेला शेवट या आकड्यांच्या खाली कुठेतरी चिरडला जातो.

एक उदाहरण देतो. 'आई कुठे काय करते' ही मालिका स्टार प्रवाहवर डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली. मूळ बंगाली 'श्रीमोयी'. हिंदीतली 'अनुपमा' तिचीच बहीण. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती आपल्या ओळखीची आहे. सगळ्यांचे डबे भरणारी, सगळ्यांच्या औषधांच्या वेळा पाळणारी, आणि जिच्याबद्दल घरातलेच म्हणतात, आई कुठे काय करते! हे शीर्षकच मला फार मोलाचं वाटतं. तिच्या 20 वर्षं आधी, 1999 मध्ये, आपण अल्फा मराठीवर 'आभाळमाया' पाहिली होती. तिथेही नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई होती. पण सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी प्राध्यापिका होती, तिच्या हातात पगार होता. काही समीक्षक म्हणतात, 1999 ची बाई पुढे होती, 2019 ची मागे गेली. मला तसं वाटत नाही. पगार असलेल्या बाईचं काम दिसतं. घरात राबणाऱ्या बाईचं काम दिसतच नाही, आणि त्या न दिसणाऱ्या कामावर रोज सायंकाळी बोलणं हे धाडसच होतं. पुढे अरुंधतीने घटस्फोट घेतला, गाण्यात नाव काढलं, मोठी मुलं असताना दुसरं लग्न केलं. महाराष्ट्रातल्या हजारो घरांत त्या दिवसांत आजीने नातीसमोर दुसऱ्या लग्नाची बाजू घेतली असेल. कोणत्याही व्याख्यानमालेला हे साधलं नसतं.

आणि मग? मालिका तिथे संपली नाही. नोव्हेंबर 2024 पर्यंत चालली. पहिला नवरा गोष्टीतून जाईना, दुसऱ्या नवऱ्याला मारून टाकलं, आणि जिने पायावर उभं राहायला एवढे कष्ट घेतले तिच्यावर पुन्हा पहिल्यापासून संकटांची रांग लावली. पाहणाऱ्या बाईला यातून काय कळलं? घर सोडा, शिका, कमवा, तरी सुटका नाही. लेखकांना हे म्हणायचं नव्हतं याची मला खात्री आहे. पण शेवट वेळेवर केला नाही की गोष्ट आपल्या मनाविरुद्ध बोलू लागते.

शेवट करता येतो, याचेही दाखले आहेत. 2012 मध्ये सतीश राजवाडे यांची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली. घनश्याम आणि राधा तडजोड म्हणून लग्न करतात, काही काळाने वेगळं व्हायचं असं ठरवून. ते खरोखर प्रेमात पडले की गोष्ट संपणार, हे पहिल्या आठवड्यात प्रेक्षकाला माहीत होतं, आणि ती वर्षाच्या आत संपली. लोक आजही तिची आठवण काढतात. त्याआधी 2001 पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' होती. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरून केदार शिंदे यांनी केलेली. आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक भागाला स्वतःचा शेवट. त्या मालिकेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे घरातला सगळा गोंधळ आजोबांच्या नजरेतून दिसायचा. आजच्या मालिकांतले म्हातारे एकतर कारस्थान करतात, नाहीतर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. ज्यांच्या जिवावर हे कार्यक्रम चालतात, त्या वयाच्या माणसांना गोष्टीत डोळे आणि डोकं देणारे आबा टिपरे पुन्हा फारसे दिसले नाहीत.

आता विनोदाकडे. इथे आपली परिस्थिती बरी आहे आणि त्याचं कारणही तेच आहे. प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत संपतं. लेखकाला शेवट शोधावाच लागतो. 2014 मध्ये झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' आलं, 2018 मध्ये सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. एकांकिका, कामगार रंगभूमी, गावची नाटकं यांतून आलेली मुलं-मुली त्यामुळे घराघरांत पोचली. भाऊ कदमांचा नुसता थांबून बघण्याचा विनोद, समीर चौघुलेंच्या अंगाचा लवचीकपणा, नम्रता संभेराव यांची लॉली, हे अस्सल नटांचं काम आहे. आणि 'हवा येऊ द्या'मध्ये हसण्याच्या मधोमध सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचे आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचे. शेतकऱ्याचं, सैनिकाच्या घरचं. हसता हसता सभागृह गप्प व्हायचं. त्या पाच मिनिटांनी मला पटवलं की आपला प्रेक्षक उथळ नाही.

पण याच कार्यक्रमांबद्दल माझं एक भांडण आहे. सुचेनासं झालं की लेखक माणसाच्या शरीराकडे वळतात. जाडी, काळेपणा, टक्कल, पडलेला दात, नाहीतर पुरुषाला साडी नेसवा. वर परीक्षक खुर्चीतून वाकून हसतात, म्हणजे आपणही हसायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, आपण वर्गात एकमेकांना हेच म्हणत होतो. खरं आहे. आज सकाळी गेटवर अर्ध्या लोकांनी एकमेकांना त्याच नावांनी हाक मारली. ते नाव ज्याला पडलं होतं त्याला एकदा बाजूला घेऊन विचारा, ते किती गमतीचं होतं. मुंबई दूरदर्शनवर आपण लहानपणी चिमणराव पाहिला. तो स्वतःच्या भित्रेपणावर, बढाईखोरपणावर हसवायचा. स्वभाव बदलता येतो, म्हणून त्यावरचा विनोद माणसाला शहाणं करतो. रंग आणि उंची यांचं कोणी काय करणार? हास्यजत्रेची उत्तम प्रहसनंही स्वभावावरचीच आहेत. सोसायटीची मीटिंग, लग्नघरातला रुसवा, फुकट मिळालं की सोडायचं नाही ही वृत्ती. ते त्यांना जमतं, म्हणून तर जास्त मागायचं.

एक श्रेय मालिकांना द्यायलाच हवं. आपण मराठी शाळेत शिकलो, आपली बहुतेक मुलं नाही शिकली. त्यांच्या कानांवर रोज पडणारी मराठी बरीचशी टीव्हीची आहे. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले'ने सिंधुदुर्गातली मालवणी राज्यभर पोचवली. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी नेली. आपल्या क्रमिक पुस्तकात बोलीभाषेचा धडा वर्षातून एखादा असायचा. म्हणूनच ज्या भाषेत इतकी ताकद आहे, तिच्यात "तू असं कसं करू शकतोस?" हे एकच वाक्य सहा चेहऱ्यांवर फिरवलं की मला राग येतो.

आपण काय करायचं? घरी टीव्ही चालू असेल तेव्हा दार ओढून घेऊ नका. आठवड्यातून एक भाग आईवडिलांच्या शेजारी बसून बघा आणि त्यांना विचारा, तुम्ही लिहीत असता तर ही गोष्ट कुठे संपवली असती? मी हे पुष्कळ प्रेक्षकांना विचारतो. सगळ्यांकडे उत्तर असतं, आणि ते बहुतेक वेळा वाहिनीच्या उत्तरापेक्षा चांगलं असतं. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाला कुठे थांबायचं हे कळतं. ज्या दिवशी गोष्ट तिथे पोचेल त्या दिवशी त्यांच्याबरोबर टीव्ही बंद करा. गुरुवारचा आकडा तुमच्या एका घराने हलणार नाही, पण घरात त्या संध्याकाळी बोलायला दोन माणसं असतील.

माझी 20 मिनिटं झाली. मालिकांना जे सांगितलं ते मलाही लागू आहे, तेव्हा इथेच थांबतो. नमस्कार.