चंद्रताल : एक तास

(सोसायटीच्या कोजागिरीला केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूध आटेपर्यंत चंद्राचंच काहीतरी बोला, अशी सेक्रेटरीसाहेबांची ऑर्डर आहे. म्हणून चंद्रताल.

हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पीती जिल्ह्यात हे तळं आहे. उंची सुमारे 4,300 मीटर. अडीच कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी कमीच पडतील. 2005 पासून ते रामसर यादीत आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. (आपलं नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारही त्या यादीत आहेत.) भोवती अभयारण्य आहे. पूर्वी तंबू काठावरच लागत, आता ते बरेच अलीकडे लावतात. गाडीही तळ्यापर्यंत जात नाही. शेवटचा टप्पा पायीच. हे फार चांगलं केलंय.

आम्ही उभयता सप्टेंबरमध्ये गेलो. सिमल्याहून किन्नौर, काझा असं हळूहळू चढत यावं, म्हणजे शरीराला विरळ हवेची सवय होते, हे मी वाचलं होतं. तरी मनालीहून थेट गेलो. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढलो. दिवस वाचतात, हा माझा हिशेब. जन्मभर लोकांची कर्जप्रकरणं तपासली, स्वतःच्या प्रकरणातली जोखीम मात्र दिसली नाही!

रात्री तंबूत हिचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. कॅम्पवरचा मुलगा म्हणाला, सकाळ झाली की लगेच खाली न्या. सकाळी ही म्हणाली, "आता बरं वाटतंय. एवढ्या लांब आलोय, तुम्ही जाऊन या. मी बसते गाडीत."

आणि मी गेलो.

तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के. वीस पावलं टाकली की थांबायचं. झाड एकही नाही, नुसते उघडे तपकिरी डोंगर. मग एक उंचवटा ओलांडला आणि समोर निळं पाणी. वारा पडलेला होता, पलीकडचं बर्फ जसंच्या तसं पाण्यात दिसत होतं. तळ्यात येणारा मोठा ओढा दिसत नाही, बाहेर जाणारा दिसतो. जमेची बाजू गुप्त, खर्चाची उघड! ते पाणी चंद्रा नदीला मिळतं. पुढे तांदीला चंद्रा आणि भागा एकत्र येतात, आणि नदीचं नाव होतं चंद्रभागा. पुढे तीच चिनाब. पंढरपूरची आपली चंद्रभागा म्हणजे भीमा, हे माहीत असूनही माझे हात जोडले गेले. काठाला चक्रवाकांची जोडी होती, तीच तांबूस बदकं जी हिवाळ्यात आपल्या भिगवणला दिसतात. मी बघत बसलो. तास कसा गेला कळलं नाही.

परत आलो तर ही गाडीबाहेर उभी होती, आणि दोन पावलं टाकताना झोकांड्या जात होत्या. ड्रायव्हरने एक शब्द न बोलता गाडी सुरू केली. हे लक्षण डोक्याला सूज येत असल्याचं असू शकतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. औषध एकच, खाली उतरणं. तो एक तास मी घालवला होता.

आपल्या बी विंगची मंडळी पुढच्या वर्षी जाणार आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय. काझाकडून जा. कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, तर तळं राहू द्या.

बातल, छतरू, नुसते दगडगोटे आणि ओढे. पुन्हा रोहतांग चढायला नको म्हणून ड्रायव्हरने कोकसरवरून अटल बोगद्याचा रस्ता धरला. कोकसरला हिने डोळे उघडले, म्हणाली, "चहा मिळेल का हो?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

चहा पिताना तिने विचारलं, "कसं होतं तळं?" मला काही सांगवेना. "ठीक होतं," म्हटलं. ती आत्ता दुसऱ्या रांगेत बसली आहे. तळ्याचं सगळं वर्णन तीही आज पहिल्यांदाच ऐकतेय.