भाता सोडणाऱ्या पोराची बाजू



लोहाराचा पोरगा भाता सोडून तंत्रनिकेतनात निघाला, की गाव म्हणते, 'बापाचा धंदा बुडवला.' धंदा त्याने बुडवला नाही. शेतमालाला भाव नाही, म्हणून बलुत्याला दाणा उरला नाही. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला.

फाळाला पाणी कसे द्यावे हे त्याच्या हाताला ठाऊक आहे; पोलाद त्याने कठीण का होते, हे तो तिथे शिकेल. दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. वाट आहे, अडते ते चुलीपाशी. त्याची कमाई थांबणार.

आम्ही एवढेच मागतो : त्याच्या बापाची मजुरी सुगीपर्यंत उधार ठेवू नका. घामाचे दाम मागणाऱ्यांनी आधी ते चुकते करावे.