रहस्यकथा, बेसबॉल आणि माझी एक चूक
(यंदाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘तुमच्या छंदाबद्दल बोला’ असं कार्यकर्त्यांनी सांगितलं, तेव्हा मी जरा अडखळलोच. कोणी भजन म्हणतं, कोणी बाग करतं. माझे छंद दोन : जुन्या रहस्यकथा वाचणं आणि बेसबॉल बघणं. पहिल्याला आमच्या घरी ‘टाइमपास’ म्हणतात. दुसऱ्याला निर्ण्यात काय म्हणावं, हेच कोणाला ठाऊक नाही!

माझं शिक्षण कन्नड माध्यमात झालं. मराठी घरात बोलायची भाषा, वाचायची नव्हे. उदगीरचे मामा सुट्टीत यायचे ते पिशवीत बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं घेऊन. देवनागरी अक्षरं हिंदीच्या तासाला ओळखीची झाली होती. झुंजारचं पुढे काय झालं, काळा पहाड कसा निसटला, हे कळायलाच हवं म्हणून मी ती अक्षरं जुळवत बसलो आणि मराठी वाचायला लागलो. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या त्यांनी! पुढे भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स हाती लागला आणि गोडी पक्की झाली.

या कथांचा एक नियम मला फार आवडतो. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूंनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यांतला एक असा : गुप्तहेराला जो धागा सापडतो, तो वाचकापासून लपवायचा नाही. होम्सच्या एका कथेत रात्री तबेल्यातून घोडा जातो, पण राखणीचं कुत्रं भुंकत नाही. म्हणजे आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा. ही गोष्ट आपणही वाचलेली असते, फक्त आपलं लक्ष जात नाही. लपवालपवी गुन्हेगार करतो, लेखक करत नाही.

आता बेसबॉल. मामांचा मुलगा अमेरिकेत गेला, त्याने हा नाद लावला. तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात. मी मोबाईल घेऊन ओसरीवर बसतो. आईला वाटतं, पोरगा काकड आरती ऐकतोय! नऊ-नऊ खेळाडू, नऊ डाव, तीन गडी बाद झाले की डाव संपला. क्रिकेट कळणाऱ्याला आठवडाभरात कळेल. पण मैदानावरच्या फलकात एक रकाना असा, जो आपल्या क्रिकेटच्या फलकात नाही. धावा, फटके आणि तिसरा रकाना चुकांचा. हातचा झेल सोडला, की सगळ्यांदेखत तिथे आकडा वाढतो आणि खेळ पुढे चालू राहतो.

२ जून २०१० ची गोष्ट सांगतो. डेट्रॉईटचा आर्मांडो गालारागा गोलंदाजी करत होता. समोरचे ओळीने सव्वीस जण बाद. सत्ताविसावाही झाला असता, तर ‘परफेक्ट गेम’, म्हणजे एकालाही पहिल्या तळापर्यंत पोचू न देता जिंकलेला सामना. शतकाहून मोठ्या इतिहासात तोवर असं फक्त वीस वेळा झालं होतं. सत्ताविसावा धावला, बादही झाला, पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद दिलं. सामन्यानंतर त्यांनी चित्रीकरण पाहिलं आणि आपण चुकलो, त्या पोराचा विक्रम आपल्यामुळे गेला, हे सरळ कबूल केलं. गालारागाने कांगावा केला नाही. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचांच्या हाती द्यायला तोच आला आणि जॉइस यांनी भर मैदानात डोळे पुसले. निर्णय काही बदलला नाही. विक्रम गेला तो गेलाच.

हे मी इतकं का सांगतोय? डिप्लोमा करून मी सरकारी नोकरीत लागलो. कामाची मापं वहीत चढवणं हे माझं काम. एकदा गटाराच्या कामात अडुसष्ट मीटरच्या जागी मी शहाऐंशी लिहिलं. आकडे उलटे पडले, दुसरं काही नाही. बिल पुढे गेलं. कोणाच्याही लक्षात आलं नाही. दोन रात्री मला झोप लागली नाही. आयुष्यभर गुन्हेगार पकडण्याच्या गोष्टी वाचल्या आणि आता आपणच गप्प बसलोय! तिसऱ्या दिवशी पहाटे सामना बघताना तो चुकांचा रकाना समोर आला, जॉइस आठवले. ऑफिस उघडताच साहेबांकडे गेलो. भरपूर बोलणी खाल्ली. नोंदीवर रेघ मारून खाली सही केली, बिल दुरुस्त झालं. त्या रात्री मात्र गाढ झोपलो.

म्हणून घरच्यांनी कितीही ‘टाइमपास’ म्हटलं, तरी मी या दोन छंदांचं देणं लागतो.

शेवटी एक विनंती. आपली मुलं आज कन्नड आणि इंग्रजी माध्यमात शिकतात, ते चांगलंच आहे. पण मराठी वाचायचा त्यांना कंटाळा येतो, अशी तक्रार प्रत्येक घरात ऐकू येते. त्यांच्या हाती एकदम मोठे ग्रंथ देऊ नका. रात्री एक रहस्यकथा मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक मिटून झोपायला जा. पुढचं पोरगं स्वतःच वाचेल.

मामांनी दिलेली पुस्तकं अजून माझ्याकडे आहेत. केव्हाही या, घेऊन जा. फक्त परत आणा. कोणाच्या घरी राहिली, याचा तपास मला लावायला लावू नका!

गणपती बाप्पा मोरया!